लाहोरच्या सात जणांतले पिंगळे

बँकेत नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. बदली होऊन मी जालंधरला गेले त्या वर्षी हे काम माझ्याच टेबलावर आलं. सकाळी शटर वर जायच्या आत पेन्शनर पायऱ्यांवर येऊन बसलेले असायचे. जाड स्वेटर, पगडी, पांढरी दाढी आणि हातात पासबुकाची प्लॅस्टिकची पिशवी. त्यांतच एक निवृत्त हेडमास्तर होते. सगळे त्यांना मास्टरजी म्हणायचे. सही करून झाल्यावर त्यांनी माझ्या नावाची पाटी वाचली आणि गाव विचारलं. मी पुणे म्हटल्यावर त्यांनी उठता उठता खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

"पूने तों? फेर तां बेटा, तुसीं पिंगले जी दे इलाके तों हो!"

मागे रांग खोळंबली होती, पण त्यांना घाई नव्हती. सोळा तारखेला सराभ्याला ये, म्हणाले. लुधियानाच्या पलीकडे आहे, आमच्याबरोबर गाडीत जागा आहे. आणि त्याआधी रविवारी देशभगत यादगार हॉलमध्ये ये, तुझ्या माणसाचा फोटो दाखवतो.

तुझ्या माणसाचा. हे ते अगदी सहज बोलून गेले.

विष्णू गणेश पिंगळे यांच्याबद्दल मला तोवर एक ओळ माहीत होती : लाहोरच्या खटल्यात फाशी गेलेले महाराष्ट्रीय. पुण्यात वाढलेल्या माणसाला क्रांतिकारकांची नावं शिकवावी लागत नाहीत. वासुदेव बळवंत, चापेकर बंधू, सावरकर, राजगुरू ही नावं चौकांवर, रस्त्यांवर, शाळांवर असतात. पिंगळ्यांचं नाव या मालिकेत आपोआप येत नाही. ते तळेगाव ढमढेऱ्याचे, जन्म १८८८चा. नगर रस्त्याने शिक्रापूरला गेलं की तिथून ते गाव अगदी जवळ. त्या रस्त्याने मी लहानपणापासून जात-येत होते, पण या गावाचा एक मुलगा लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला असं त्या प्रवासात मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला जालंधरच्या मास्टरजींनी सांगितलं.

यादगार हॉल जी. टी. रोडवर आहे. अमेरिकेतल्या हिंदी मजुरांनी उभ्या केलेल्या गदर चळवळीतून जिवंत परतलेल्या म्हाताऱ्या क्रांतिकारकांनी, पंजाबात ज्यांना आजही ‘गदरी बाबे’ म्हणतात त्यांनी, पुढाकार घेऊन ही वास्तू उभी केली. आत भिंतीभर फोटो आहेत. मास्टरजी एकेका फोटोपुढे थांबायचे, हात जोडायचे, नाव सांगायचे आणि नावामागोमाग गाव सांगायचे. पंजाबात शहिदाचं नाव गावाशिवाय घेत नाहीत. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या सेंट्रल जेलमध्ये फाशी गेलेल्या सात जणांची नावं मी त्या दिवशी अशीच गावांसकट पाठ केली. कर्तारसिंग सराभ्याचे. जगतसिंग सूरसिंगचे. हरनामसिंग सियालकोटकडचे. बख्शीशसिंग आणि सुरैनसिंग नावाचे दोघे, असे तिघे एकट्या गिलवालीचे. सातवे विष्णू गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेरे, जिल्हा पुणे. सहा शीख आणि एक मराठी.

"या सातव्याचं गाव आमच्यातल्या कुणी पाहिलेलं नाही," मास्टरजी म्हणाले.

पुढची दोन-तीन वर्षं मी जालंधरला होते. सुटीच्या दिवशी हॉलच्या ग्रंथालयात जाऊन बसायची सवय लागली. बरीच पुस्तकं गुरुमुखीत होती. मास्टरजी वाचायचे, हिंदीत सांगायचे, मी वहीत मराठीत उतरवून घ्यायची. इंग्रजी कागद मी वाचायची आणि त्यांना सांगायची. त्यांच्या आजोबांचे धाकटे भाऊ ओरेगॉनला लाकडाच्या गिरणीत कामाला होते, त्यामुळे त्यांना ही सगळी हकिकत घरचीच होती.

आणि तिची सुरुवात त्या गिरण्यांतूनच होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पंजाबच्या दोआब्यातले शेतकरी, लष्करातून निवृत्त झालेले शिपाई कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला गेले. लाकूड कापलं, रेल्वेचे रूळ टाकले. १९०७ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्यांच्या जमावाने हिंदी मजुरांना मारहाण करून हुसकावून लावलं. ज्या साम्राज्यासाठी आपण लढलो ते आपली दाद घेत नाही, हे त्या माणसांना परदेशात उमगलं. १९१३ साली ओरेगॉनमधल्या अ‍ॅस्टोरिया इथे त्यांनी संघटना बांधली. सोहनसिंग भकना अध्यक्ष, लाला हरदयाळ सरचिटणीस. १ नोव्हेंबर १९१३ला सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘युगांतर आश्रमा’तून ‘गदर’चा पहिला अंक निघाला. आधी उर्दूत, लगेच पुढे गुरुमुखीत. संघटनेला पुढे तेच नाव चिकटलं.

पिंगळे १९११च्या सुमारास इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत गेले होते. तिथले बहुतेक गदरी गिरणीकामगार आणि शेतमजूर होते. पिंगळ्यांना डिग्री मिळवून, चांगली नोकरी धरून राहता आलं असतं. तरी ते या माणसांत गेले. तिथे ते एकटेच मराठी नव्हते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही गदरच्या लष्करी तयारीत होते. महायुद्धात ते इराणकडून इंग्रजांशी लढले, पुढे मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर त्यांनी मोठं काम केलं आणि १९६७ साली नागपुरात वारले. खानखोज्यांची कहाणी निदान विदर्भात सांगितली जाते. त्यांना आयुष्य मिळालं, सांगायला घरची माणसं मिळाली. पिंगळे सत्ताविसाव्या वर्षी गेले.

ऑगस्ट १९१४ला महायुद्ध पेटलं. इंग्रजांचं सैन्य युरोपात गुंतलं आहे, उठाव करायचा तर आत्ताच, असं गदरच्या लोकांनी ठरवलं आणि ते मिळेल त्या बोटीने परत निघाले. पुष्कळांना बंदरावरच धरलं. ‘कोमागाता मारू’ने परतलेल्यांवर तर सप्टेंबरअखेर कोलकात्याजवळ बजबजला गोळ्या झाडल्या गेल्या. नोव्हेंबर १९१४मध्ये सत्येन सेन यांच्यासह पिंगळे ‘सालामिन’ बोटीने कोलकात्याला उतरले आणि पोलिसांच्या हाती लागले नाहीत.

इथून पुढचे चार महिने हेच पिंगळ्यांचं खरं आयुष्य. या महिन्यांवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला.

पंजाबात परतलेल्या गदरींकडे माणसं होती, हिंमत होती, छावण्यांतल्या शिपायांशी नातीगोती होती. त्यांच्याकडे नव्हता तो गुप्त संघटना चालवायचा अनुभव. अमेरिकेत ते उघड सभा घेत आले होते. बंगालकडे तो अनुभव होता, बॉम्ब करणारे हात होते, पण पलटणींत शिरायला माणूस नव्हता. ही दोन टोकं जोडायला कुणीतरी हवं होतं. बंगालचा माणूस पंजाबी खेड्यात लगेच उठून दिसला असता, पंजाबी माणूस कोलकात्याच्या गल्लीत. ते काम पुणे जिल्ह्यातल्या या मुलाने केलं. कोलकात्यात ते जतींद्रनाथ मुखर्जींना भेटले. तिथून बनारसला रासबिहारी बोस आणि सचींद्रनाथ सान्याल यांच्याकडे गेले आणि अमेरिकेहून हजारो माणसं लढायला आली आहेत हे सांगितलं. मग ते आणि सान्याल पंजाबात जाऊन सगळं पाहून आले आणि जानेवारी १९१५मध्ये रासबिहारी स्वतः अमृतसरला व तिथून लाहोरला गेले.

लाहोरात एकट्या पुरुषांना घर भाड्याने मिळालं तर शेजारी संशय घेणार. म्हणून कपूरथळ्याच्या रामसरन दासांच्या पत्नी त्या घरात राहायला गेल्या, घरगुती बिऱ्हाड दिसावं म्हणून. कपूरथळा जालंधरच्या अगदी शेजारी. मास्टरजींच्या पत्नी, आम्ही त्यांना बीजी म्हणायचो, हा भाग आला की आवर्जून स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या. "तिलाही फाशीच झाली असती," म्हणायच्या. पकडले गेलेल्यांच्या याद्यांत ही बाई कुठे नाही. पण तिच्यावाचून ते घर आठवडाभरही टिकलं नसतं, असं मलाही वाटतं.

उठावाची तारीख ठरली २१ फेब्रुवारी १९१५. लाहोर, फिरोजपूर, मेरठ अशा छावण्यांत एकाच वेळी शिपायांनी उठायचं होतं. संघटनेत कृपालसिंग नावाचा पोलिसांचा माणूस शिरला होता. त्याचा संशय आल्यावर तारीख अलीकडे, १९ला घेतली. तीही त्याने कळवली. संशयित पलटणींची हत्यारं काढून घेतली गेली, पहारे बदलले. कर्तारसिंग आपली माणसं घेऊन फिरोजपूरला पोचले, पण छावणी बंद होती. त्याच आठवड्यात, १५ फेब्रुवारीला, सिंगापुरात हिंदी शिपायांची पलटण उठली होती. हिंदुस्थानात मात्र ठरलेल्या दिवशी एकही पलटण उठली नाही.

धरपकड सुरू झाली. रासबिहारी आणि पिंगळे बनारसकडे निसटले. कर्तारसिंग, जगतसिंग आणि हरनामसिंग टुंडीलाट (हे सात जणांतले हरनामसिंग नव्हेत) सरहद्दीच्या बाजूला गेले. सरहद्द ओलांडली की ते सुटले असते. तिथून ते माघारी वळले आणि २ मार्चला सरगोध्याजवळ पकडले गेले. पिंगळेही माघारी वळले. उठाव मोडला आहे, साथीदार तुरुंगात आहेत हे माहीत असताना ते बॉम्ब घेऊन मेरठच्या छावणीत गेले, तिथले शिपाई अजून उठतील या आशेने. घोडदळाच्या १२व्या रिसाल्यातल्याच एकाने दगा दिला. २३ मार्च १९१५ला पिंगळे त्या रिसाल्याच्या बराकींत पकडले गेले. त्यांच्याजवळचे बॉम्ब अर्धी पलटण उडवायला पुरेसे होते, असं पुढे रौलट समितीने आपल्या अहवालात नोंदवलं.

२३ मार्च. सोळा वर्षांनी याच तारखेला लाहोरच्या त्याच तुरुंगात भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फाशी गेले. दर वर्षी त्या दिवशी आपण कार्यक्रम करतो. पिंगळ्यांच्या अटकेची तारीखही तीच आहे हे मी तेव्हापासून ज्याला त्याला सांगत आले आहे. भगतसिंग कर्तारसिंगांचा फोटो जवळ बाळगायचे. म्हणजे ज्या माणसाला भगतसिंग गुरू मानत, त्याच्या शेजारच्या दोरावर आपला तळेगावचा माणूस होता.

बँकेच्या कामाने दिल्लीला गेले असताना मी मेरठला जाऊन आले. छावणीचे रुंद, सावलीचे रस्ते आहेत, आत जायला परवानगी लागते. मी बाहेरच्या रस्त्याने चालत राहिले. १८५७चा वणवा इथूनच पेटला. पिंगळ्यांनी मेरठ निवडलं तेव्हा त्यांच्या मनात ते नसेल असं मला वाटत नाही.

खटला लाहोरच्या सेंट्रल जेलच्या आतच चालला. युद्धकाळासाठी केलेल्या खास कायद्याखाली तीन जणांचं न्यायमंडळ, त्यावर अपील नाही. १३ सप्टेंबर १९१५ला चोवीस जणांना फाशी सुनावली. व्हाइसरॉय हार्डिंग यांनी सतरा जणांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. त्यांत सोहनसिंग भकना होते, भाई परमानंद होते. उरलेल्या सात जणांना सूट मिळाली नाही. १९१२ साली दिल्लीच्या चांदणी चौकात याच हार्डिंगवर बॉम्ब पडला होता आणि त्यामागे रासबिहारी होते. रासबिहारींना लाहोरच्या घरापर्यंत आणणारा पिंगळे सुटेल, ही आशाच नव्हती. खुद्द रासबिहारी त्याच वर्षी मे महिन्यात जपानला निसटले. तिथे त्यांनी बांधलेल्या कामावर पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली.

सराभ्याला मी त्या पहिल्या नोव्हेंबरातच गेले होते. गहू नुकता पेरलेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओली काळी शेतं. वाटेतल्या गावांत परदेशी राहणाऱ्यांच्या मोठाल्या कोठ्या आणि काहींच्या गच्चीवर विमानाच्या आकाराच्या पाण्याच्या टाक्या. आजही तिथल्या घराघरांतून माणसं त्याच किनाऱ्याला जातात. गावात मंडप होता, लंगर होता, शाळकरी मुलं फेट्यांत बसली होती. वक्ते बोलत होते. प्रत्येक जण कर्तारसिंगांबद्दल बोलला, ते त्यांचं गावच. पण सात नावं पुरी केल्याशिवाय एकही जण खाली बसला नाही. मी बायकांमध्ये पोळ्या लाटायला बसले होते. पुण्याहून आले म्हटल्यावर शेजारच्या आजींनी पिठाचा हात पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. पिंगळ्यांच्या घरची कुणी असेन असं त्यांना वाटलं. मी नाही म्हटलं. "गावची तर आहेस ना," त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी जालंधरला ‘मेला गदरी बाबियां दा’ पाहिला. ‘गदर’च्या पहिल्या अंकाची आठवण म्हणून दर १ नोव्हेंबरला तो संपतो. पुस्तकांची दुकानं, रात्रभर नाटकं, पहाटेपर्यंत घोंगड्या पांघरून बसलेले शेतकरी. कुणी मंत्री नाही, कुणाचा सत्कार नाही. एका नाटकात पिंगळ्यांची भूमिका होती आणि ती करणारा कॉलेजचा मुलगा मध्यंतरात मला हुडकत आला. मराठी माणूस घरी आईशी कसा बोलतो, तेवढं सांगा म्हणाला. मी त्याला चार वाक्यं सांगितली. त्याने ती तिथेच पाठ केली.

पुण्याला परतल्यावर मी या सगळ्याचा विचार करत राहिले. पिंगळे आपल्याकडे मागे का पडले? उठाव एकही गोळी न सुटता मोडला, हे एक कारण. आपल्याला धाडसाची गोष्ट लागते आणि या गोष्टीत एक बॉम्बही फुटला नाही. दुसरं, त्यांच्याबद्दलचे कागद गुरुमुखीत, उर्दूत, बंगालीत आणि सरकारी इंग्रजीत राहिले. मराठीत लिहिणारा साथीदार त्यांना नव्हता. तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. त्यांचं कामच जोडणाऱ्याचं होतं. बंगालच्या इतिहासात रासबिहारी दिसतात, पंजाबच्या इतिहासात कर्तारसिंग. या दोघांना एकमेकांपर्यंत नेणारा माणूस दोन्हीकडे पाहुणा राहतो. पंजाबने निदान त्या पाहुण्याला घरात घेतलं.

एका माध्यमिक शाळेत १६ नोव्हेंबरला बोलायला मिळालं. मी फेब्रुवारीतली फसगत सांगितली, मेरठ सांगितलं. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सगळं फसलं होतं, मग ते परत का गेले?" मी तिला मला वाटतं ते सांगितलं. मेरठच्या शिपायांना त्यांनी शब्द दिला होता. साथीदार पकडले गेले म्हणून तो शब्द संपला, असं त्यांना वाटलं नाही. त्या वयात सुटकेचा रस्ता समोर असताना छावणीकडे वळणं हा वेडेपणा नव्हता. तो हिशेब होता आणि स्वतःचा जीव त्यांनी त्यात आधीच धरलेला होता. मुलगी खाली बसली आणि तिने फळ्यावरून सातही नावं वहीत उतरवून घेतली.

मास्टरजी आता नाहीत. शेवटच्या फोनवर त्यांनी विचारलं होतं, पिंगळ्यांच्या भागातून हॉलला काही मिळेल का? एखादं पत्र, शाळेच्या दाखल्याची प्रत, घराचा फोटो. म्हणून हे वाचणाऱ्यांना, विशेषतः तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, शिरूर या भागातल्या मंडळींना माझी विनंती आहे. जुन्या ट्रंकांत, वाड्यांच्या माळ्यावर, शाळांच्या जनरल रजिस्टरांत पिंगळ्यांसंबंधी काही सापडलं तर त्याची एक प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला द्या आणि एक जालंधरच्या देशभगत यादगार हॉलला पाठवा. शिक्षकांनी १६ नोव्हेंबरच्या परिपाठात पाच मिनिटं काढून ही सात नावं वाचावीत. सातही वाचावीत, आणि प्रत्येकाच्या गावासकट.